वन्सं चिनी का शिकल्या

आमच्या वन्संनी 'हो' म्हणायचं सोडलंय, हे माझ्या लक्षात यायला दोन महिने लागले. रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की मी वहीत दिवसाच्या चार ओळी लिहिते. त्यात एकदा सहज लिहून गेले, 'चहा हवा का विचारलं तर वन्सं "द्या" म्हणतात. मागचं दार लावलं का, तर "लावलंय". हो म्हणून म्हणत नाहीत.' लिहिलं आणि मनात पाल चुकचुकली. मागची पानं उलटत गेले, तर एका गुरुवारी लिहिलेलं सापडलं: 'वन्सं उशिरा आल्या. जेवल्या नाहीत. नळाखाली हात धरून बराच वेळ उभ्या होत्या. पाणी वाया जातंय म्हटलं तरी ऐकू गेलं नाही.'

वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. एका मोठ्या इस्पितळात अपघात विभागात तीस वर्षं परिचारिका होत्या आणि आमच्याच घरात, जिन्यावरच्या खोलीत राहतात. बाई कडक. वॉर्डातल्या पोरी पाठीमागे त्यांना 'फौजदारीणबाई' म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. पण रुग्णाच्या खाटेशी बसल्या की फौजदारीण कुठल्या कुठे पळायची. पाय मोडून मी तिथे आठ दिवस पडले होते, तेव्हा डोळ्यांनी पाहिलंय. शेजारच्या खाटेवरची म्हातारी तापात बरळायची, "गाय बांधलीस का गं?" वन्सं सलाइन लावता लावता म्हणायच्या, "हो हो, बांधली." "बस सुटेल माझी." "हो हो, थांबवून ठेवलीय मी." मला हसू आलं तर मला म्हणाल्या, "वहिनी, त्यांना उत्तर नको असतं, सोबत हवी असते. हो म्हणायला आपलं काय जातं?"

त्या गुरुवारनंतर त्या नोकरीवर जात राहिल्या, घरात वावरत राहिल्या, पण जेवताना मध्येच थांबायच्या. कुणीतरी हाक मारल्यासारखी मान वळवायच्या. दोन वर्षं असं चाललं. मग एका रविवारी पाटावरून उठता उठता म्हणाल्या, "दादा, मी नोकरी सोडतेय. विद्यापीठात नाव घालतेय."

हे म्हणाले, "कशात?"

"चिनी भाषेत. पदवीला."

ह्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "साठी बुद्धी नाठी म्हणतात. तुझं नऊ वर्षं आधीच?"

"मग बरं की. तुझ्याआधी नंबर लागला."

"अगं, पण हातचं सोडून पळत्यापाठी! चिनी शिकून करणार काय?"

वन्सं ताट उचलून मोरीकडे गेल्या. शेजारणीला बातमी पुरवायला कुणी गेलं नव्हतं, तरी दुसऱ्या दिवशी ती कुंपणावरून विचारती झाली, "काय हो, खेळण्यांच्या खोक्यावरचं वाचायला शिकणार का तुमची नणंद?" वन्सं कपडे वाळत घालत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "तेवढं आलं तरी पुष्कळ झालं."

प्रवेशाच्या अर्जावर एक चौकट होती: 'हा विषय निवडण्याची कारणे.' चांगली पाच ओळींची जागा. वन्संनी सगळा अर्ज सुवाच्य अक्षरात भरला, ती चौकट तेवढी कोरी ठेवली. खिडकीवरचा कारकून म्हणाला, "रिकामं चालत नाही बाई, काहीही लिहा." त्यांनी 'आवड' असं लिहिलं. घरी येऊन मला सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा असा होता, की आवडीचं काही लिहिलंय असं कुणाला वाटलं नसतं.

पहिल्याच तासाला तिथल्या सरांनी एकेकाला उभं करून तेच विचारलं. एका मुलीला मोठ्या कंपनीत दुभाषी व्हायचं होतं. एकाला शिष्यवृत्ती मिळवून तिकडे शिकायला जायचं होतं. एका चष्मेवालीला जुन्या कविता मुळातून वाचायच्या होत्या. एकाच्या वडिलांचं सुट्या भागांचं दुकान होतं, माल तिकडून येतो. आणि मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "सर, इतिहासाच्या जागा भरल्या होत्या." सगळे हसले. मग वन्सं उभ्या राहिल्या, आईच्या वयाच्या. म्हणाल्या, "एकाला उत्तर द्यायचं राहिलंय." पोरांना वाटलं, पत्रमैत्रीबित्री असेल. तेव्हापासून वर्गात त्यांचं नाव 'पोस्टवाली मावशी' पडलं.

अभ्यास त्यांनी वॉर्डाच्या शिस्तीने केला. सकाळी वर्ग, दुपारी जेवण, दोन वाजता खोलीचं दार बंद. चौकटीचौकटींच्या वहीत एकेक अक्षर शंभरदा. मी खाली भांडी आवरत असायची आणि वरून आवाज यायचा. आधी मोबाइलवरचा बाईचा आवाज, मग त्यामागून वन्संचा. त्याची सवय झाली. पण तीन वाजायच्या सुमाराला मोबाइल बंद व्हायचा आणि वन्संचा एकटीचा आवाज सुरू व्हायचा. तो अभ्यासातला नव्हता. खालच्या पट्टीत, घाईघाईने, दम लागल्यासारखा. थोडं बोलून थांबायच्या. कुणी ऐकून घेऊन आता बोलेल, इतका वेळ थांबायच्या. मग पुन्हा तेच. रोज तेच.

भर दुपारचं ऊन अंगणात, रस्त्यावर भंगारवाल्याची आरोळी, आणि माझ्या अंगावर काटा. एकदा न राहवून हातात देवापुढची समई तशीच पेटती घेऊन जिना चढले. दार ढकललं. वन्सं खुर्चीवर बसलेल्या, समोर रिकामी खाट, आणि खाटेच्या कडेवर त्यांचा हात. कुणाच्या तरी मनगटावर ठेवावा तसा.

मला पाहून म्हणाल्या, "दुपारी समई कशाला?"

"तुम्ही कुणाशी बोलता?"

त्यांनी माझ्या हातातून समई घेतली, टेबलावर ठेवली. मला खाटेवर बसवलं नाही, खुर्ची दिली. स्वतः उभ्या राहून सांगितलं, इस्पितळात डॉक्टरांना सांगावं तसं, वेळेसकट.

त्या गुरुवारी आलेला तो रुग्ण चिनी होता. नव्या इमारतीत लिफ्ट बसवायला चीनमधून कारागीर आले होते, त्यातला एक. लिफ्टच्या खड्ड्यात तीन मजले खाली पडला. आणलं तेव्हा आतून रक्त जात होतं. शल्यचिकित्सक दुसऱ्या शस्त्रक्रियेत होते, खोली तयार होत होती, तोवर त्याला तगवून ठेवा म्हणून सांगितलं होतं. कंपनीचा दुभाषा दुसऱ्या जखमीबरोबर शहराच्या पलीकडच्या इस्पितळात अडकलेला. दोन वाजून दहा मिनिटांनी त्याने डोळे उघडले आणि बोलायला लागला.

"बरळणं नव्हतं, वहिनी. तीस वर्षं ऐकलंय मी, मला फरक कळतो. माणूस शुद्धीवर होता. माझ्याकडे बघून बोलत होता, एकेक सांगत होता. मध्ये थांबून विचारत होता. आणि मी... मी प्रत्येक वेळी मान हलवून हो हो म्हणत होते. एक तास दहा मिनिटं. मी हो म्हटलं की त्याला बरं वाटायचं, मग पुढचं सांगायचा. शेवटी शेवटी त्याने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली. मी पुन्हा पुन्हा हो म्हटलं. कशाला हो म्हटलं मी?"

मी म्हटलं, "अहो, तुम्ही त्याला आधार दिलात. देवाच्या दारी याची नोंद..."

"नोंद मी केली, ती ऐका." त्यांचा आवाज चढला. "तीन वीसला गेला. पावणेचारला दुभाषा आला, सोबत कंपनीचे साहेब. दुभाष्याने विचारलं, काही बोलला का? माझ्या तोंडून निघून गेलं, नाही, शुद्धीवरच नव्हता. का? तर पुढे विचारलं असतं, काय बोलला? फोनवर आम्हाला का नाही जोडून दिलं? आवाज का नाही भरून घेतला? मोबाइल माझ्या खिशात होता, वहिनी. सगळा वेळ खिशात होता. मला सुचलंच नाही. मी आपली हो हो करत बसले. आणि बोलून गेल्यावर खाटेच्या कागदावरही तेच लिहिलं. दर पंधरा मिनिटांच्या रकान्यात: प्रतिसाद नाही, प्रतिसाद नाही, प्रतिसाद नाही. सही केली."

खाली नळ थेंब थेंब गळत होता, तो ऐकू येत होता.

त्यांनी कपाटातून एक घडी घातलेला कागद काढला. दुभाष्याने फॉर्मवर त्या माणसाचं नाव आणि गावाचा पत्ता त्याच्या लिपीत लिहिला होता, तो वन्संनी त्याच दिवशी उतरवून घेतला होता. वाचता येत नव्हता. भरतकामाचा नमुना उतरवावा तशी रेघेला रेघ काढलेली. पदवीच्या पहिल्या वर्षाचा निम्माअधिक काळ त्यांना स्वतःच काढलेलं ते चित्र वाचण्यात गेला, कारण चार ठिकाणी रेघा चुकल्या होत्या.

"त्याच्या घरी कळवायचंय," त्या म्हणाल्या. "त्यांच्या भाषेत. माझ्या तोंडाने."

मी देवभोळी बाई, पण व्यवहार मलाही कळतो. मी म्हटलं, "वन्सं, त्या लोकांना सांगितलं असेल की झोपेत गेला, काही कळलं नाही. तेवढ्यावर त्यांनी मन आवरलं असेल. झाकली मूठ सव्वा लाखाची. खरं सांगायचं तर देवाला सांगा."

"मूठ त्यांची आहे, वहिनी. झाकलीय मी."

त्या दिवसापासून मी रोज देवाकडे दोन गोष्टी मागत होते. वन्संना शांत झोप मिळू दे, आणि तो पत्ता चुकीचा निघू दे. दुसरी मागताना लाज वाटायची, पण मागत होते.

दुसऱ्या वर्षी वन्सं सरांकडे गेल्या. त्या माणसाचं बोलणं डोक्यात बसलं होतं तेवढं, विशेषतः शेवटी पुन्हा पुन्हा विचारलेलं, ते रोज तीन वाजता घोकून जपून ठेवलं होतं. दोन वर्षं शिकूनही त्यातलं काही लागत नव्हतं. सरांच्या खोलीत उभं राहून त्यांनी ते म्हणून दाखवलं. सरांनी डोळे मिटून ऐकलं, पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाले, "बाई, ही मी शिकवतो ती चिनी नव्हे. कुठल्यातरी गावाकडची बोली दिसते. तिकडे शंभर कोसांवरच्या माणसांना एकमेकांचं कळत नाही. मलाही कळणार नाही."

वन्सं घरी आल्या, चपला काढल्या आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसल्या. हे घरात होते. थट्टा करायला तोंड उघडलं, आणि बहिणीचा चेहरा पाहून मिटलं. शेवटी विचारलं, "सोडतेस का आता?"

"तसा विचार करतेय."

"पैसे भरलेत वर्षाचे," हे म्हणाले. तेवढंच. पण सकाळी पाहते तर ह्यांनी स्वतः वन्संची सायकल पुसून, हवा भरून दारात उभी केलेली. वन्सं वर्गाला गेल्या.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी त्यांनी पत्र लिहिलं. छोटं. मी अमुक, त्या दिवशी तिथे होते, तुम्हाला काही सांगायचंय, हा माझा फोन. पाचव्या आठवड्यात फोन आला. दुपार होती, मी लसूण सोलत होते. पलीकडे तरुण मुलीचा आवाज. वन्सं स्वयंपाकघरातच उभ्या राहून बोलल्या. मला एक अक्षर कळत नव्हतं. मी चेहरा बघत होते. त्या बरंच बोलल्या, सावकाश, पाठ केल्यासारखं. पलीकडे काहीच नाही. मग मुलीने एक छोटा प्रश्न विचारला. वन्संनी डोळे मिटले आणि एकच शब्द बोलल्या. फोन बंद झाला.

"काय विचारलं?"

"बाबांना दुखत होतं का."

"आणि?"

"दुखत होतं म्हटलं."

मला राग आवरेना. "झालं तुमचं समाधान? लेकरू चौदा वर्षांचं असेल तेव्हा. पाच वर्षं तिला वाटत होतं बाप झोपेत गेला. तुमच्या मनावरचा धोंडा तिच्या मनावर ठेवलात!"

वन्संनी माझ्यासमोर बसून उरलेला सगळा लसूण सोलला. एक शब्द उलटून बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी वहीत त्या दिवशी काही लिहिलं नाही.

चौथ्या दिवशी पुन्हा फोन. या वेळी मुलीबरोबर तिची आई होती. वन्संनी आवाज मोठा ठेवला. मुलगी दोन वाक्यं बोलली आणि मग आई बोलायला लागली.

वन्संनी ओट्याची कड धरली. मी उठून धरायला गेले, तर हाताने थांबवलं. मलाही कळत होतं काय झालंय. तो सूर मी ओळखत होते. तीन वर्षं दुपारी तीनला जिन्यावरून ऐकलेला, घाईचा, दम लागल्यासारखा. गेलेल्या माणसाची भाषा त्याच्या बायकोच्या तोंडून आमच्या स्वयंपाकघरात येत होती, आणि वन्संना आजही त्यातलं काही कळत नव्हतं.

बाई थांबली. उत्तराची वाट पाहायला लागली. वन्संची मान हलायला आली होती. मी बघत होते. ती हलली नाही. त्यांनी मुलीला काहीतरी विचारलं. नंतर मला सांगितलं, "मी म्हटलं, आई काय म्हणाल्या ते मला सांग. एकही सोडू नकोस."

तास गेला. आईने तिच्या बोलीत विचारायचं, मुलीने ते शाळेच्या चिनीत सांगायचं, वन्संनी उत्तर द्यायचं, आणि ते पुन्हा उलट्या वाटेने जायचं. मला वाटलं होतं ती बाई शिव्याशाप देईल. तिचे प्रश्न निराळेच होते. खाटेजवळ खिडकी होती का? पाणी दिलं का? वन्संनी सांगितलं, पाणी द्यायची परवानगी नव्हती, ओला कापूस ओठांना लावत होते. बूट कुणी काढले? डोळे कुणी मिटले? दोन्ही मीच, वन्संनी सांगितलं.

मग तिने विचारलं, तो काय म्हणाला? वन्संनी जपून ठेवलेलं ते म्हणून दाखवलं. पुन्हा म्हणा. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं. बाई रडत नव्हती, कान देऊन ऐकत होती. शेवटी मुलगी हळूच बोलली, आणि वन्संनी फोन ठेवल्यावर ते मला सांगितलं. "त्यांना ओळखू येत नाही म्हणाल्या. चाल त्यांच्या गावची आहे, शब्द राहिले नाहीत." आपल्या हाताकडे बघत राहिल्या. "पाच वर्षं घोकून घोकून मीच झिजवलं ते."

अजून एक गोष्ट होती, ती त्यांनी दोन दिवसांनी सांगितली. त्या माणसाची म्हातारी आई चार वर्षांपूर्वी गेली. शेवटपर्यंत एकच म्हणत होती, माझं पोरगं माझ्यासाठी एक शब्द न ठेवता गेलं. कंपनीने घरी पाठवलेल्या कागदात तसंच आहे ना, प्रतिसाद नाही. तो कागद अजून त्यांच्या घरात, त्याच्या फोटोमागे ठेवलेला. बायकोचं मागणं एवढंच होतं की त्या कागदाबरोबर ठेवायला दुसरा कागद द्या. तुमच्या हाताने लिहिलेला.

हे म्हणाले, "सही करून देऊ नकोस. इस्पितळ चौकशी लावेल तुझ्यामागे."

"लावू दे."

"वकिलाला तरी विचार."

"दादा, तो म्हणेल लिहू नका. मग काय करू?"

काल दुपारी त्यांनी ते लिहिलं. चारच वाक्यं. तीन कागद फाडले, चौथा ठेवला. मी जवळ बसले होते. म्हटलं, "वाचून दाखवा, आपल्या भाषेत." त्यांनी बोट ठेवून वाचलं.

"ते पूर्ण शुद्धीवर होते. एक तास दहा मिनिटं बोलत होते, एकेक सांगत होते, मध्ये थांबून विचारत होते. मला काही समजलं नाही, तरी मी समजल्यासारखं दाखवलं. नंतर विचारलं तेव्हा मी घाबरून खोटं सांगितलं आणि खोटं लिहिलं."

मी म्हटलं, "वन्सं, शेवटचं गाळलं तरी चालेल. त्यांना पाहिजे ते पहिल्या दोन वाक्यांत आलंय."

"पहिली तीन दुभाष्याकडूनही लिहून घेता आली असती, वहिनी. चिनी शिकले ती चौथ्यासाठी," त्या म्हणाल्या, आणि पाकिटाला डिंक लावायला लागल्या.